टिचकी

माझगावला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर,
टाकीच्या मागं, जिथं ऊन चारपर्यंत रेंगाळतं,
एक निळं पिंप आडवं चिरून मी मातीनं भरलं.
अर्धी माती विकतची. बाकी घरचीच:
चहाचा चोथा, भाजीची सालं, कोळंबीची टरफलं
आणि वरून सेक्रेटरी भोगट्यांचं पत्र,
फळ्यावर लावलेलं, सही-शिक्क्यासकट:
गच्ची गळेल.

बी डिसेंबरात टाकलं.
भायखळ्याच्या गाडीवर खाल्लेल्या फोडीतलं,
जिभेनं बाजूला काढून रुमालात बांधलेलं.
प्रमिलानं नाक मुरडलं होतं.

वेलाला शेजारधर्म नसतो.
पाइप धरला, कपड्यांची तार धरली,
एका सकाळी बघतो तर
भोगट्यांच्या डिशला मिठी.
सोडवताना तणावा तुटला नाही, तार तुटली.
दोन दिवस त्यांच्या घरी बातम्या नव्हत्या.

फुलं आली ढीगभर. फळ धरेना.
सहा मजले चढून मधमाशी कशाला येईल?
चौथ्या मजल्यावरची ऊर्वी रंगपेटीतला ब्रश घेऊन आली,
दोन फुलांकडं बोट दाखवून भुवया उडवल्या:
यातला बाप्या कोण?
मी तिला बाईच्या फुलाखालची गोटी दाखवली,
लवदार, पट्ट्यापट्ट्यांची,
लग्नाआधीच कडेवर आलेली.
मग रोज सातच्या आत, गणवेशात,
ती या फुलातून त्या फुलात ब्रश फिरवायची
आणि नाकाच्या शेंड्यावर पिवळा पराग घेऊन शाळेला जायची.

सहा धरली. तीन गळाली.
दोन उंदरानं आतून कोरली, बाहेरून तशीच ठेवली,
मोठा सभ्य उंदीर.
राहिलं एक.
त्याला प्रमिलाच्या जुन्या परकराची झोळी,
नाडीसकट.

आता पिकलं कधी, हे कसं कळणार?
भुईवरच्या कलिंगडाच्या पोटाला पिवळा डाग पडतो.
हे अधांतरी. त्याला भुई कुठली?
देठाजवळचा तणावा वाळला, खरं,
पण एप्रिलच्या उन्हात काय वाळत नाही?
लोक टिचकी मारतात आणि कान लावतात.
माझे कान मी गोदीत जमा करून आलो,
चौतीस वर्षांत, थोडे थोडे,
पगारातून कापल्यासारखे.

पण जुन्या बोटीचा रिव्हेट ढिला आहे का,
हे आम्ही तरी कुठं ऐकायचो?
ऐकू येण्याची जागाच नव्हती ती.
एका अंगानं हातोडीची चापट,
दुसऱ्या अंगाला बोट.
ढिला असला की बोटाला शहारा.

ऊर्वीला म्हटलं, तू मार.
आणि पलीकडून तळवा लावला.
पहिल्या दिवशी बारीक झिणझिण,
रिकाम्या डब्यासारखी. नाही.
चौथ्या दिवशी, नाही.
नवव्या दिवशी झिणझिण कुठंच नाही,
एक जड, ओला धक्का,
आत कुणीतरी कूस बदलावी तसा.
ऊर्वीचे ओठ मिटले, उघडले.
"बद्द" म्हणाली असावी.
मीही म्हणालो, बद्द.
मोठ्यानं म्हणालो असणार, कावळे उडाले.

दोन बोटं देठ ठेवून कापलं.
रद्दीवाल्याच्या काट्यावर दोन किलो तीनशे,
परकरासकट.
सुरी अर्ध्यावर गेली आणि पुढचं ते आपणच उकललं.
लालभडक नव्हतं. गुलाबी,
कडेला जरा पांढरं राहिलेलं.
मधला गाभा ऊर्वीला.
प्रमिला मीठ घेऊन वर आली, न मागता,
आणि बिया ताटलीच्या कडेला मांडत बसली.

भोगटे पंचनाम्याला आले होते.
त्यांच्या हातात फोड दिली.
खाताना ते काहीतरी म्हणाले, तोंड भरलेलं,
ओठ वाचायची सोय नाही.
गोड आहे म्हणाले असतील,
किंवा गच्ची गळेल.
मी मान हलवली.
रस त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होता,
तिथून खाली, गच्चीवर.